पडलेलं परत उभं करायचं की तसंच ठेवायचं? महायुद्धानंतरच्या इटलीची गोष्ट

फ्लोरेन्सला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे पोन्ते वेक्कियोचा एक तरी फोटो असतोच, तो सोनारांच्या दुकानांनी भरलेला जुना पूल. पूल खरंच मध्ययुगातला आहे, त्यात खोटं काही नाही. पण त्याच फोटोत पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या इमारती दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा महायुद्धानंतर बांधलेल्या आहेत. तिथे आधी जे मध्ययुगीन बुरूज आणि घरं होती ती 1944 च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी सुरुंग लावून पाडली. बहुतेक टुरिस्टांना याचा पत्ताच नसतो आणि गाइडही घाईत असला तर सांगत नाही.

इटलीतली शहरं बघताना असं सारखं होतं. आपल्याला वाटतं सगळं पाचशे-सातशे वर्षांपासून जसंच्या तसं उभं आहे, आणि प्रत्यक्षात त्यातलं बरंच काही पडलेलं, जळलेलं, परत जोडलेलं असतं. माझा इंटरेस्ट या जोडण्यात जास्त आहे. कारण काय पडलं हे त्या शहराच्या हातात नव्हतं, पण पडल्यावर काय पुन्हा बांधायचं, काय तसंच भग्न ठेवायचं आणि कशावर माती टाकायची हे तिथल्या लोकांनीच ठरवलं, आणि ते ठरवताना भरपूर भांडणंही झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर कोणी कोणावर बॉम्ब टाकले याचाच घोळ होतो. इटली जून 1940 मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. जुलै 1943 मध्ये मित्रराष्ट्रांचं सैन्य सिसिलीत उतरलं, मुसोलिनीला सत्तेवरून काढलं, आणि 8 सप्टेंबर 1943 ला नव्या सरकारने शरणागती जाहीर केली. झालं, जे जर्मन कालपर्यंत दोस्त होते त्यांनीच देश ताब्यात घेतला, मुसोलिनीला सोडवून उत्तरेत त्याचं नावापुरतं सरकार बसवलं, आणि दक्षिणेकडून अमेरिकन-ब्रिटिश फौजा एकेक डोंगर लढवत वर सरकायला लागल्या. हे एप्रिल 1945 पर्यंत चाललं. म्हणजे बघा, आकाशातून बॉम्ब टाकत होते ते सोडवायला आलेले लोक, मागे हटताना पूल उडवत होते आणि आगी लावत होते ते जुने मित्र, आणि मुळात हे युद्ध ओढवून घेतलं होतं स्वतःच्याच सरकारने. आठवण ठेवायची तर नक्की कोणावर राग धरून ठेवायची, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चर्चवर बॉम्ब का पडले असंही लोक विचारतात. मुद्दाम चर्च निवडून क्वचितच पाडली. रेल्वेचे यार्ड आणि कारखाने शहराला चिकटून होते, विमानं खूप उंचावरून बॉम्ब सोडायची आणि नेम चुकणं हे अगदी नेहमीचं होतं. वैमानिकांना महत्त्वाच्या वास्तू खुणा करून दाखवलेले नकाशे दिले जायचे, डिसेंबर 1943 मध्ये मित्रराष्ट्रांचा सेनापती आयझेनहॉवरने युद्ध परवानगी देईल तितकं या वास्तूंना जपा असं पत्रही काढलं, आणि स्मारकं सांभाळायला सैन्यात खास अधिकारी नेमले गेले. पण ब्रिटिशांचे रात्रीचे हल्ले तर सरळ शहरावरच असायचे, तिथे नकाशाचा काय उपयोग.

मिलानचं घ्या. 1943 च्या ऑगस्टमध्ये तिथे लागोपाठ मोठे हल्ले झाले. ला स्काला हे जगप्रसिद्ध ऑपेरा थिएटर फुटलं, आणि 15-16 ऑगस्टच्या रात्री सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहाजवळ बॉम्ब पडला. याच भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' आहे. छत कोसळलं, एक लांब भिंत पार झोपली, पण चित्राची भिंत उभी राहिली, कारण युद्ध सुरू झाल्यावर तिला परांची बांधून वाळूची पोती रचून ठेवली होती. त्या वेळचे फोटो आहेत, चारी बाजूंना ढिगारा आणि मधे ती पोत्यांनी झाकलेली भिंत, बघून अंगावर काटा येतो. पुढे बरेच महिने ते चित्र जवळपास उघड्यावर, ताडपत्रीच्या भरवशावर होतं. त्यात लिओनार्दोने ते ओल्या चुन्यावर काढलेलंच नव्हतं, सुक्या थरावर काढलं होतं, त्यामुळे त्याची अवस्था आधीपासूनच नाजूक आणि वरून हा दमटपणा.

हे ओलं-सुकं काय प्रकरण आहे ते इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. खऱ्या फ्रेस्कोत भिंतीवर चुन्याचा ताजा गिलावा करतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि दगडासारखा होतो, रंगाचे कण त्यातच अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर नसतो, भिंतीतच असतो. म्हणून फ्रेस्को शेकडो वर्षं टिकतो, आणि म्हणूनच भिंत फुटली की चित्रही फुटतं. कॅनव्हास गुंडाळून डोंगरातल्या एखाद्या किल्ल्यात नेऊन ठेवता येतो, भिंत कुठे नेणार?

आता पादोवा. 11 मार्च 1944 ला अमेरिकन विमानांनी तिथल्या रेल्वे यार्डावर हल्ला केला आणि काही बॉम्ब एरेमितानी चर्चवर पडले. या चर्चमधल्या ओवेतारी चॅपलमध्ये आंद्रेआ मांतेन्या या चित्रकाराने ऐन विशीत, 1450 च्या आसपास, रंगवलेल्या भिंती होत्या. इमारती आणि माणसं खोलीत मागे मागे जातायत असा भास चित्रात कसा आणायचा हे शिकायला चित्रकार तिथे यायचे, इतकं त्या चित्रांचं नाव होतं. त्या काही मिनिटांत चॅपलचा चुरा झाला. तिथून पायी दोन मिनिटांवर जॉत्तोने रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपल आहे, ते वाचलं. यात हुशारी कोणाचीच नाही, निव्वळ नशीब.

पण लोकांनी ढिगारा फेकून दिला नाही हे महत्त्वाचं. रंगाचा लवलेश असलेला प्रत्येक तुकडा वेचून पेट्यांत भरला. 80 हजारांच्या वर तुकडे, बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरचे. युद्धानंतर काही माणसांनी हाताने थोडेफार जोडले आणि मग काम अडलं, ते कितीतरी दशकं अडलेलंच राहिलं. का अडलं ते समजून घ्या. हे जिगसॉ पझल आहे, पण असं की त्यातले बहुतेक तुकडे हरवलेत, जे आहेत त्यांच्या कडा झिजल्यात म्हणून एकमेकांत बसत नाहीत, आणि कुठला तुकडा सुलटा कुठला उलटा तेही कळत नाही. सगळं मिळून मूळ चित्रांच्या दहा भागांतला जेमतेम एखादा भाग हातात होता. शेजारचा तुकडा शोधत बसण्यात अर्थच नव्हता, कारण शेजारी बहुतेक वेळा नव्हताच.

मग 1990 च्या दशकात पादोवा विद्यापीठातल्या लोकांनी दुसरीकडून विचार केला. युद्धाच्या आधी या भिंतींचे चांगले ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढलेले होते. तर तुकडा तुकड्याशी जुळवायचाच नाही, प्रत्येक तुकडा त्या फोटोशी जुळवायचा. सगळ्या तुकड्यांचे डिजिटल फोटो काढले, दोमेनिको तोनिओलो या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आणि मास्सिमो फोर्नासिएर या गणितज्ञाच्या पद्धतीने असा प्रोग्राम तयार झाला जो तुकड्यावरचा उजेड-अंधाराचा नमुना घेतो, तो फोटोवर जागोजागी ठेवून बघतो आणि सोबत किती अंशात फिरवला तर बसतो तेही काढतो. कॉम्प्युटर काही शक्य जागा सुचवायचा आणि शेवटचा कौल माणसाचा, कारण एकसारख्या निळ्या आभाळाचा तुकडा कुठेही बसल्यासारखा वाटतो. त्यातून 2006 मध्ये मांतेन्याच्या चित्रांची भिंत पुन्हा उभी राहिली.

ती दिसते कशी हे सांगायलाच हवं. पूर्ण भिंतीवर जुन्या फोटोची फिकट करडी प्रत आहे आणि तिच्यावर जिथे जिथे खरा तुकडा सापडला तिथेच रंग. कुठे अर्धा चेहरा, कुठे घोट्यापासून खाली पाऊल, कुठे कमानीचा एक कोपरा. बाकी राखाडी. काय होतं, काय उरलं आणि किती गेलं, तिन्ही एका नजरेत कळतं, आणि गेलेला भाग रंगवून भरायचा मोह कोणी केला नाही. मला विचाराल तर इटलीतल्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये ही सगळ्यात प्रामाणिक आहे.

पिसाची गोष्ट वेगळ्याच वळणाची. कलत्या मनोऱ्याच्या शेजारी कांपोसांतो म्हणून जुनं दफनस्थान आहे, आतल्या भिंती चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या फ्रेस्कोंनी भरलेल्या. 27 जुलै 1944 ला तोफगोळा पडून छताने पेट घेतला. छत लाकडाचं आणि वरून शिशाचे पत्रे, ते शिसं वितळून चित्रांवरून ओघळलं. सप्टेंबरमध्ये डीन केलर हा अमेरिकन चित्रकार, जो त्या स्मारकं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी होता, तिथे पोचला आणि त्याने सैनिक आणि इटालियन कारागीर जमवून पावसाळ्याच्या आत तात्पुरतं छप्पर घातलं. तेवढं केलं नसतं तर उरलेलं पावसाने नेलं असतं. केलर वारल्यावर त्याच्या अस्थींचा काही भाग 2000 साली त्याच कांपोसांतोत ठेवला गेला.

नंतर चित्रं वाचवायची म्हणून ती भिंतीवरून सोलून काढली. हो, सोलून. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस लावून वर कापड चिकटवतात, सुकलं की ओढतात, रंगाचा पातळ थर कापडासोबत निघतो, मग तो दुसऱ्या पाट्यावर बसवतात. चित्र काढलं तर खाली काय मिळावं, चित्रकारांनी गिलाव्याच्या आधी लाल मातीच्या रंगाने भिंतीवर काढलेली कच्ची रेखाटनं, सहाशे वर्षं कोणी न पाहिलेली. आज त्यांचं वेगळं म्युझियमच आहे तिथे. पण ज्या पाट्यांवर चित्रं चिकटवली त्या सिमेंट-अॅस्बेस्टॉसच्या होत्या, आणि काही दशकांत तो उपायच चित्रांना भोवायला लागला. शेवटी पुन्हा काढायची वेळ आली तर जुना सरस इतका कडक झालेला की केमिकलनेही सुटेना. मग संशोधकांनी एक निरुपद्रवी बॅक्टेरिया निवडला जो सरस खातो पण रंगाला हात लावत नाही, तो ओल्या कापसावर घेऊन चित्रावर ठेवायचा आणि काही तासांत काम फत्ते. 'मृत्यूचा विजय' हे तिथलं सगळ्यात गाजलेलं चित्र 2018 मध्ये परत भिंतीवर गेलं, आग लागल्यानंतर 74 वर्षांनी. युद्ध संपतं 1945 ला असं आपण म्हणतो, पण त्याची बिलं अशी येत राहतात.

नेपल्समध्ये जे गेलं ते फोटो काढण्यासारखं नव्हतं म्हणून त्याबद्दल कमी बोललं जातं. तिथल्या सरकारी दप्तरखान्यातली सगळ्यात मौल्यवान कागदपत्रं सुरक्षित राहावीत म्हणून शहराबाहेर, नोला गावाजवळच्या एका व्हिलात हलवली होती. 30 सप्टेंबर 1943 ला जर्मन सैनिकांनी सूड म्हणून तो व्हिलाच पेटवला. तेराव्या शतकापासूनच्या, तिथे राज्य केलेल्या आंजू राजघराण्याच्या तीनशेहून जास्त नोंदवह्या राख झाल्या, म्हणजे दक्षिण इटलीचा जमीन, कर, गावं, माणसं असा अख्खा लेखी इतिहास. सुरक्षित म्हणून हलवलेली जागाच जळावी, याला काय म्हणायचं. पण रिक्कार्दो फिलान्जिएरी या दप्तरप्रमुखाने हार मानली नाही. आधीच्या काही शतकांत ज्या ज्या अभ्यासकांनी या वह्यांतून उतारे घेतले होते, नकला केल्या होत्या, फोटो काढले होते, ते सगळं जगभरातून गोळा करून नोंदवह्या परत मांडायचं काम त्याने सुरू केलं आणि त्याचे खंड पुढे कित्येक वर्षं निघत राहिले. कोण्या अठराव्या शतकातल्या विद्वानाच्या घाईघाईत लिहिलेल्या टिपणाला असा मूळ दस्तऐवजाचा मान मिळाला.

त्याच शहरातलं सांता क्यारा चर्च 4 ऑगस्ट 1943 च्या हल्ल्यात आग लागून आतून पूर्ण जळालं. आतली अठराव्या शतकातली झगमगीत बरोक सजावट गेली आणि खाली चौदाव्या शतकाच्या साध्या गॉथिक भिंती उघड्या पडल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी ठरवलं की सजावट परत करायचीच नाही, मूळ गॉथिक रूप ठेवायचं, आणि 1953 ला ते तसं उघडलं. आज बघणाऱ्याला वाटतं हे सहाशे वर्षं असंच आहे. म्हणजे दोनशे वर्षांचा एक थर बॉम्बने जाळला आणि नंतर आवडीनिवडीने कायमचा पुसला. मला हे थोडं खटकतं, पण नेपल्समधल्या कित्येकांना तेच आवडतं.

आता फ्लोरेन्सच्या पुलांकडे येतो, कारण बांधायचं कसं यावर सगळ्यात जोरदार वाद तिथेच झाला. 3 आणि 4 ऑगस्ट 1944 च्या मधल्या रात्री जर्मनांनी आर्नो नदीवरचे पोन्ते वेक्कियो सोडून सगळे पूल उडवले, त्यात अम्मानातीने सोळाव्या शतकात बांधलेला सांता त्रिनिताचा पूलही गेला, जो अनेकांच्या मते जगातला सगळ्यात देखणा पूल होता. पोन्ते वेक्कियो सोडला, पण त्यावरून रणगाडे येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांच्या गल्ल्या पाडून रस्ता बंद केला.

1902 मध्ये व्हेनिसचा घंटाघराचा मनोरा आपोआप कोसळला होता तेव्हा 'जिथं होतं तिथं, जसं होतं तसं' अशी घोषणा झाली होती, तीच आता परत वर आली. कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन म्हणायचा जसं होतं तसंच बांधा. पुरातत्त्वज्ञ रानुच्चो ब्यांकी बांदिनेल्ली म्हणायचा की नकली मध्ययुग उभारणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. शेवटी अर्धं-अर्धं झालं. गल्ल्यांमध्ये नव्या इमारती आल्या, उंची-रंग जुन्याशी मिळताजुळता ठेवून, आणि त्या इतक्या मधल्यामध्ये आहेत की ना जुन्याची मजा ना नव्याची. पुलाच्या बाबतीत मात्र हट्ट पुरा केला. नदीतून मूळ दगड काढले, कमी पडले तेव्हा बोबोली बागेतली जुनी खाण परत उघडली, कमानीचं वळण नक्की कसं होतं यावर मोजमापं घेऊन भांडणं झाली, दगड जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी घडवले. 1958 ला पूल खुला झाला. त्यावरच्या चार ऋतूंच्या पुतळ्यांपैकी वसंत ऋतूचं डोकं मात्र सापडेना, ते कोणी सैनिक घेऊन गेला अशी अफवा, शोधणाऱ्याला बक्षीस लावलं, आणि 1961 मध्ये ते नदीच्या गाळातच मिळालं.

माँते कासिनोच्या मठाबद्दल वेगळं सांगायला हवं कारण तिथे आपला संबंध येतो. 15 फेब्रुवारी 1944 ला मित्रराष्ट्रांच्या विमानांनी सहाव्या शतकात स्थापन झालेला हा डोंगरावरचा मठ जमीनदोस्त केला. मठ आधी पाडा नाहीतर माझे सैनिक चढवू नका असा आग्रह धरणारा अधिकारी होता फ्रान्सिस टकर, चौथ्या भारतीय डिव्हिजनचा प्रमुख. भिंती किती जाड आहेत हे लष्कराकडून कळेना तेव्हा त्याने नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून मठावरचं 1879 चं एक पुस्तक शोधून काढलं. मठात त्या वेळी जर्मन सैनिक नव्हतेच, होते ते भिक्षू आणि आसऱ्याला आलेले गावकरी, त्यातले बरेच मेले. पाडल्यावर मात्र जर्मन त्या ढिगाऱ्यात शिरले आणि ढिगारा इमारतीपेक्षाही लढायला सोयीचा निघाला. तो मठ नंतर जसाच्या तसा बांधून 1964 मध्ये पोपच्या हस्ते पुन्हा पवित्र केला गेला. तिथली ग्रंथसंपदा आणि कागदपत्रं आधीच रोमला हलवली होती म्हणून वाचली.

इटलीच्या लढाईत 50 हजारांच्या आसपास भारतीय सैनिक होते आणि पाच हजारांहून जास्त तिथेच राहिले. फ्लोरेन्सजवळच्या माँतेगुफोनी किल्ल्यात उफिझी म्युझियममधली चित्रं लपवून ठेवली होती, बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' धरून, आणि आघाडी तिथे पोचली तेव्हा त्या चित्रांवर पहारा केला तो आठव्या भारतीय डिव्हिजनच्या जवानांनी. आपल्या माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे हे रायगडवाल्यांना माहीत असेलच, पण 2023 मध्ये उंब्रियातल्या माँतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं ही बातमी आपल्याकडे फारशी पोचली नाही.

आणि आता आठवणीची अवघड बाजू. 20 ऑक्टोबर 1944 ला मिलानच्या गोर्ला भागात अमेरिकन विमानांनी कारखान्यावरचा नेम चुकल्यावर उरलेले बॉम्ब वस्तीवर सोडले आणि एका प्राथमिक शाळेत 184 मुलं मेली. शाळेच्या जागी स्मारक आहे, मुलांचे अवशेष तिथेच आहेत. गोर्लातले लोक दरवर्षी जमतात, पण देशाच्या पातळीवर या घटनेबद्दल बरीच वर्षं हळू आवाजातच बोललं गेलं. कारण उघड आहे. ज्यांनी बॉम्ब टाकले तेच सहा महिन्यांनी मुक्तिदाते म्हणून आले, 25 एप्रिल हा मुक्तिदिन ठरला, आणि मुसोलिनीच्या लोकांनी या मुलांचा आधीच प्रचारासाठी वापर करून घेतला होता. त्यामुळे दुःख उघडपणे बोललं तरी आपण कोणाच्या बाजूचे ठरू ही भीती.

मिलानने ढिगाऱ्याचं काय केलं तेही सांगतो. शहराच्या एका टोकाला माँते स्तेल्ला नावाची पन्नासेक मीटर उंच टेकडी आहे, लोक तिथे जॉगिंग करतात. ती टेकडी बऱ्याच अंशी पडलेल्या घरांच्या मलब्याची आहे, आर्किटेक्ट पिएरो बोत्तोनीने रचलेली आणि बायकोचं नाव दिलेली. याच्या उलट शहराच्या मध्यावरच्या राजवाड्यात कॅरियाटिड्सचा, म्हणजे खांबासारख्या उभ्या बायकांच्या पुतळ्यांचा हॉल आहे, 1943 च्या आगीत त्याचे पुतळे भाजून निघाले, चेहरे-हात झडले. ला स्काला तीन वर्षांत चकाचक करून 1946 ला तोस्कानिनी या संगीत-संचालकाच्या कार्यक्रमाने उघडणाऱ्या याच शहराने तो हॉल मात्र जखमांसकट ठेवला. 1953 मध्ये पिकासोचं 'गेर्निका', बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावाचं चित्र, तिथे लावलं होतं, त्याहून योग्य भिंती सापडल्या नसत्या.

फॅसिझमने स्वतः बांधलेल्या गोष्टींचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि त्यावर इटलीचं अजून एकमत नाही. रोमच्या स्टेडियमजवळ मुसोलिनीचं नाव कोरलेला उंच स्तंभ आजही उभा आहे. बोल्झानोत घोड्यावरच्या मुसोलिनीचं प्रचंड शिल्प न काढता 2017 मध्ये त्याच्यावर 'आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाच नाही' अशा अर्थाचं हाना आरेंट या विचारवंत बाईचं वाक्य दिव्यांच्या अक्षरांत लावलं. शिल्प आहे तिथेच आहे, पण आता ते वाक्य वाचल्याशिवाय बघता येत नाही. आणि 1937 मध्ये इथिओपियातून उचलून आणलेला अक्सुमचा प्राचीन दगडी स्तंभ रोममधून परत पाठवायला 2005 साल उजाडलं. दुसऱ्याचा वारसा परत देताना आपल्या वारशाबद्दलची हळवी भाषा जरा मागे पडते, हे सगळ्याच देशांचं आहे.

बाकी जमिनीखालचा हिशोब अजून चालूच आहे. डिसेंबर 2019 मध्ये ब्रिंदिसीत एका सिनेमागृहाच्या कामात ब्रिटिश बॉम्ब सापडला तर तो निकामी करायला 50 हजारांहून जास्त लोकांना घराबाहेर काढावं लागलं. 2022 च्या दुष्काळात पो नदी आटली आणि मांतुआजवळ मच्छीमारांना पात्रात 450 किलोचा बॉम्ब दिसला, मग तीनेक हजार लोक हलवले, रेल्वे आणि नदीतली वाहतूक थांबवली आणि लष्कराने तो नेऊन खाणीत उडवला.